लक्ष सैल सोडलं की काय दिसतं? आणि स्वप्न हे बघणंच का?

निवांत_सोलापूरकर (धागाकर्ता) | सकाळी ७:५०
नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते एकदाचं लिहून टाकतो.

आजकाल जिकडे जावं तिकडे एकच जप, फोकस. पोरांच्या क्लासच्या बोर्डावर फोकस, ऑफिसात फोकस, मोबाईलवर फोकस वाढवायची ॲपं. लक्ष देणं म्हणजे एकाच गोष्टीला चिकटून राहणं आणि बाकी सगळी दारं लावून घेणं, असं आपण धरूनच चाललोय. मला हे अर्धंच वाटतं. लक्षाची आणखी एक जात आहे, सैल, पसरलेली, तिला नेमकं काही शोधायचं नसतं आणि म्हणूनच खिळलेल्या नजरेतून जे निसटतं ते तिला सापडतं. मॅरियन मिल्नर नावाच्या एका ब्रिटिश बाईंनी १९२६ पासून रोजनिशी ठेवून स्वतःच्या मनावर नजर ठेवली होती (पुढे त्या मनोविश्लेषक झाल्या), त्यांना हेच दोन प्रकार आढळले, अरुंद लक्ष आणि रुंद लक्ष. अरुंद लक्ष आपल्या कामापुरतं उचलतं. रुंद लक्षाला काही नको असतं, त्यामुळे समोरचं सगळं एकदम आत येतं आणि बाईंच्या म्हणण्यानुसार मनाला खरा आनंद त्याच वेळी होतो.

दुसरा मुद्दा स्वप्नांचा. दिवसभर जे नजरेखालून गेलं पण आपण घेतलं नाही ते रात्री बरोबर हजर होतं. मग स्वप्न हाही जग बघण्याचाच एक प्रकार का मानू नये?

हे सगळं आत्ता काढायला कारण म्हणजे आमचा मुलगा सातवीत आहे आणि वर्गात त्याचं लक्ष नसतं, खिडकीबाहेर बघत बसतो अशी तक्रार आलीये. घरचे सगळे त्याच्या मागे लागलेत, मला मात्र आधी हे समजून घ्यायचंय की तो त्या वेळी खरंच काही करत नसतो का.

तुमचे अनुभव लिहा. विरोधी मतं तर जरूर लिहा. फक्त शिबिरांच्या जाहिराती नकोत ही विनंती.

शेंगाचटणी | सकाळी ८:१५
पहिली मी! मे महिन्यात दुपारी एक ते चार अख्खं सोलापूर रुंद लक्षातच असतं की हो, पंखा फुल्ल, पडदे ओढलेले, ४३ डिग्री 😄 बाकी विषय मस्त, नीट वाचून लिहिते.

धोटा | सकाळी ९:०५
चांगला धागा काढलात. मी पूर्ण आयुष्य कारखान्याच्या आवाजात काढलंय म्हणून लिहितो.

आमचे वडील टॉवेलच्या कारखान्यात मागावर होते, मी पण पुढे तिथेच लागलो. एका माणसाकडे एका वेळी दोन, चार माग असतात. आता ह्यात तुमचं ते फोकस करून दाखवा. एका मागाकडे टक लावून बसलं की शेजारच्यात तार तुटते, कांडी (इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यातली सुताची गुंडाळी) संपते, तोपर्यंत वीतभर माल वाया. नवीन पोरं हेच करतात, डोळे फाडून एकाच ठिकाणी बघत राहतात आणि तासाभरात दमतात. वडील कधीच तसे उभे राहायचे नाहीत. ते दाराकडे तोंड करून चहाचा ग्लास हातात घेऊन उभे असायचे, पलीकडच्या मागावरच्या माणसाशी हातवारे करून गप्पा चालायच्या (आवाजात ऐकू येत नाही ना, सगळी बोली हाताची आणि ओठांची), आणि मधेच ग्लास खिडकीत ठेवून सरळ मागच्या बाजूच्या मागाकडे जायचे, हँडल मारून बंद करायचे. जाऊन बघावं तर धोट्यातली कांडी संपायला दोन फेरे उरलेले. मी विचारायचो कसं कळलं, तर म्हणायचे आवाज पातळ झाला. चार मागांचा खडखडाट एकत्र चाललाय त्यात एकाचा आवाज पातळ झालेला ऐकू येणं म्हणजे काय, विचार करा. आणि ऐकायचा प्रयत्न केला की ते ऐकू येत नाही. मलाही यायला लागलं ते मी प्रयत्न सोडल्यावरच.

त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर हो. दिसतं. ऐकू पण येतं.

ताळेबंद | सकाळी १०:२०
असहमत.

धोटा साहेब, वडिलांबद्दल पूर्ण आदर ठेवून म्हणतो, पण तो वर्षानुवर्षांचा सराव आहे. सराव झाला की गोष्ट आपोआप होते, तिला वेगळ्या प्रकारचं लक्ष म्हणायची गरज काय? मी अकाउंट्समध्ये आहे. ताळा जमत नाही, ९०० रुपयांचा फरक येतोय, तर मी पहिल्यांदा बघतो की नऊने भाग जातो का. जात असेल तर कुठेतरी आकडे उलटे पडलेत अशी दाट शंका, २३०० चे ३२०० झालेत वगैरे, मग एकेक नोंद बोट ठेवून तपासायची. बोट ठेवून! खिडकीबाहेर बघून ताळा लागत नाही.

आणि मुलाबद्दल म्हणाल तर सातवीतल्या मुलाला आधी बोट ठेवून वाचायची सवय लागू दे. सैल सोडायला काय, सैल सगळेच असतात.

शेंगाचटणी | सकाळी १०:३२
ताळेबंद काका एकदम ३१ मार्चच्या मूडमध्ये 😄

निवांत_सोलापूरकर | सकाळी ११:००
@ताळेबंद, तुमचं म्हणणं मोडून काढायचंच नाहीये मला. बोट ठेवून तपासणं लागतंच. पण त्याची किंमतही मोजावी लागते एवढंच म्हणतोय. १९९९ साली सायमन्स आणि शाब्री या दोघांनी एक प्रयोग छापला, प्रसिद्ध आहे, बऱ्याच जणांना माहीत असेल. व्हिडिओत काही लोक बॉल एकमेकांकडे टाकतायत, बघणाऱ्यांनी पांढऱ्या शर्टवाल्यांचे पास मोजायचे. मधेच गोरिलाचा वेष घातलेलं माणूस येतं, छाती बडवतं आणि निघून जातं. मोजणाऱ्यांपैकी साधारण निम्म्या लोकांना ते दिसलंच नाही. डोळे चांगले, लक्ष तर शंभर टक्के, आणि तरीही एवढा मोठा गोरिला गायब. माझा प्रश्न ह्या निसटणाऱ्या गोरिलांबद्दल आहे.

नेत्रा_ताई | दुपारी १२:४०
डोळे तपासण्याचंच काम करते त्यामुळे राहवलं नाही.

हात पूर्ण लांब करून अंगठ्याच्या नखाकडे बघा. डोळ्याला अगदी लख्ख, बारकाव्यासकट दिसतं ते साधारण तेवढंच, दोनेक अंश. बाकी सगळं दृश्य आपल्याला स्पष्ट आहे असं वाटतं कारण डोळा सतत इकडून तिकडे उड्या मारत असतो आणि मेंदू ते जोडत राहतो. ह्या मधल्या भागात शंक्वाकार पेशी दाटीने असतात, त्यांच्यामुळे रंग आणि बारीक अक्षरं. एका डोळ्यात त्या ६० लाखांच्या आसपास. दंडाकार पेशी मात्र सुमारे १२ कोटी, आणि त्या अगदी मध्यभागी नसतातच, सगळ्या आजूबाजूला पसरलेल्या. अंधुक उजेड त्यांच्यामुळे कळतो, आणि हालचाल टिपायला डोळ्याची ही बाहेरची बाजू फार तयार असते.

म्हणजे धागाकर्ते म्हणतायत त्या दोन जाती आपल्या बुबुळाच्या मागे अक्षरशः रचलेल्या आहेत. वाचताना एक, अंधारात गल्लीतून चालताना दुसरी. आणि माझं निरीक्षण असं की दिवसभर स्क्रीनला चिकटलेल्या लोकांची ही दुसरी बाजू वापरातच येत नाही. त्यांना मी सांगते, गच्चीवर जा, लांबवर कुठेतरी नजर ठेवा आणि डोळे न हलवता डावीकडे उजवीकडे काय काय आहे ते जाणवू द्या. खांदे आपोआप खाली येतात. करून बघा.

माळरान | दुपारी १:१०
नेत्राताई +१. आकाश बघणाऱ्यांना ही युक्ती पाठ असते. थंडीत देवयानी दीर्घिका शोधताना सरळ तिच्यावर नजर रोखली की ती विरघळते, जरा बाजूला बघितलं की परत पुसटसा डाग दिसायला लागतो. आत्ता मे महिन्यात पश्चिमेला पुष्य नक्षत्रातला तारकागुच्छ आहे, त्यावर हा प्रयोग करता येईल.

माझा खरा छंद पक्षी. नान्नजला माळढोक बघायला गेलेल्यांना विचारा. १९७९ सालचं अभयारण्य, आता तिथे माळढोक दिसणं म्हणजे नशीबच लागतं, पण जुन्या लोकांबरोबर मी जेव्हा मचाणावर बसायचो तेव्हा एक गोष्ट शिकलो. सगळं पिवळं, करडं गवत, त्यात करडाच पक्षी, मीटरभर उंच असूनही उभा राहिला तर दिसत नाही. दुर्बीण लावून तुकड्या तुकड्याने माळ चाळणारे पाहुणे थकून जायचे. आमच्याबरोबरचे गावातले आजोबा दुर्बिणीला हातसुद्धा लावायचे नाहीत. मचाणाच्या कठड्याला टेकून, डोळे अर्धवट मिटल्यासारखे. आणि एकदम म्हणायचे, त्या बाभळीच्या डाव्या अंगाला बघा. मग आम्ही दुर्बीण लावायची, मान, काळी टोपी, छातीवरचा पट्टा, सगळं तपासून पक्कं करायचं.

म्हणजे ताळेबंद साहेबांची दुर्बीण लागतेच. पण ती कुठे रोखायची हे आजोबाच सांगणार.

पक्ष्यांमध्ये तर ही विभागणी दोन डोळ्यांत असते. ऑस्ट्रेलियातल्या लेस्ली रॉजर्स बाईंनी कोंबडीच्या पिल्लांवर काम केलंय. पिल्लू खड्यांतून दाणा निवडतं तेव्हा उजवा डोळा वापरतं आणि वरून घार येतीये का ह्यावर डाव्या डोळ्याने लक्ष ठेवतं. दाणा टिपणं आणि जीव वाचवणं, दोन्ही एकदम चालू.

जुनीगिरणी | दुपारी २:०५
वा माळरान. कोंबडीचं पिल्लू भारीच.

ह्यावरून आठवलं, शेजारच्या काकांना मागच्या वर्षी पक्षाघात झाला, मेंदूची उजवी बाजू. हात हळूहळू सुधारला पण ताटातलं उजव्या बाजूचंच जेवायचे. डावीकडची भाजी तशीच. काकू चिडायच्या, भाजी आवडत नाही का म्हणून. फिजिओथेरपीवाल्या ताईंनी सांगितलं, अहो त्यांच्यासाठी डावी बाजू अस्तित्वातच नाही सध्या, ताट फिरवून द्या. ताट फिरवलं की भाजी खायचे! डोळ्यांत काही दोष नव्हता. डॉक्टर म्हणाले की जगाचा पूर्ण घेर धरून ठेवण्याचं काम उजव्या मेंदूचं जास्त असतं. तेव्हापासून मला लक्ष ह्या गोष्टीची भीतीच वाटते, आपण जे बघत नाही ते आपण बघत नाहीये हेसुद्धा आपल्याला कळत नाही.

पांढरी_बाराबंदी | दुपारी ४:३०
आत्ता उठलो, वामकुक्षी झाली, आता लिहूलालो.

गड्ड्याच्या यात्रेत आमच्या घरातले नंदीध्वज धरतात. बाहेरगावच्यांसाठी सांगतो, सिद्धेश्वराच्या संक्रांतीच्या यात्रेत सात नंदीध्वज असतात, उंचच्या उंच काठ्या, मिरवणूक ६८ लिंगांना तैलाभिषेकासाठी जाते. काठी कमरेला बांधलेल्या पट्ट्याच्या आधारावर पेलायची. यात्रेच्या आधी सराव चालतो. नवीन पोरगं आलं की त्याची नजर सारखी वर टोकाला. थोरले ओरडतात, वर काय बघूलालास बे, कमरेला विचार! वर टोक डोलायला लागलेलं डोळ्याला दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. पायाखालचा रस्ता, बाजूची गर्दी, हलगीचा ठेका, बरोबरचे गडी, कमरेवरचा भार, सगळं एकदम अंगात घ्यावं लागतं. एकावर ध्यान गेलं की बाकीचं सुटलं. हर्र बोला हर्र झालं की अंगात जे येतं त्याला मी तर सैल लक्षच म्हणेन, पण ढिलेपणा त्यात कणभर नसतो हां.

ताळेबंद साहेब, सराव आहेच. पण कशाचा सराव, ते बघा की.

ताळेबंद | सायंकाळी ५:१५
बाराबंदी, तुमचं हे 'ढिलेपणा नसतो' महत्त्वाचं आहे. इथपर्यंत मी येतो तुमच्याबरोबर. सराव, आणि सरावानंतरची मोकळी नजर. मान्य.

पण स्वप्न? तिथे मी उतरतो. स्वप्नात देव आला, अमुक ठिकाणी खणा म्हणाला, आणि लोकांनी खणलं, पैसे घातले, कर्ज काढलं, अशा किती गोष्टी आपल्या आसपास घडतात. स्वप्नाला 'बघणं' म्हटलं की पुढचा माणूस त्याला 'दृष्टांत' म्हणणार आणि त्याच्या पुढचा त्यावर दुकान टाकणार. आणि ते रसायनशास्त्रज्ञ केकुलेच्या सापाचं उदाहरण कुणी देणार असेल तर आधीच सांगतो, बेंझीनची वर्तुळाकार रचना त्याने १८६५ ला मांडली आणि शेपूट गिळणाऱ्या सापाचं स्वप्न जाहीरपणे सांगितलं १८९० साली, सत्काराच्या भाषणात. २५ वर्षांनी!

पाटीपेन्सिल | सायंकाळी ६:४०
मी निवृत्त शिक्षिका. ताळेबंद, तुमची दुकानांबद्दलची चीड योग्यच आहे, मी ती जन्मभर वर्गात शिकवली. पण दुकानदार आहेत म्हणून माल खोटा ठरत नाही.

आपल्याकडे स्वप्नाचा विचार फार बारकाईने झालेला आहे. मांडूक्य उपनिषद अवघ्या १२ मंत्रांचं. त्यात जागृत, स्वप्न, सुषुप्ती म्हणजे गाढ झोप, आणि ह्या तिन्हींपलीकडची चौथी ती तुरीय अशा अवस्था सांगितल्यात. मला त्यातली एक गोष्ट नेहमी थांबवते. जागेपणी जग अनुभवणाऱ्याला १९ मुखं दिलीयत, म्हणजे इंद्रियं, प्राण, मन, बुद्धी ही सगळी ग्रहण करण्याची दारं. आणि स्वप्न बघणाऱ्याला? त्यालाही तीच १९. एकही कमी केलेलं नाही. फरक एवढाच की एकाची प्रज्ञा बाहेर वळलेली, दुसऱ्याची आत. पतंजलींनीही योगसूत्रांच्या पहिल्या पादात स्वप्न आणि निद्रा यांतून आलेल्या ज्ञानाचा आधार घेऊन मन स्थिर करता येतं असं म्हटलंय. आता हेही खरं की मांडूक्यावरच्या कारिकांमध्ये (विवरणाच्या श्लोकांत) आचार्य गौडपाद स्वप्नातले विषय मिथ्या ठरवतात, पण मग त्याच न्यायाने जागेपणीचेही ठरवतात! अर्धं घ्यायचं असेल तर पूर्ण घ्यावं लागतं.

आणि आपल्याच जिल्ह्यातल्या पंढरपूरच्या वाटेवरचे लोक आपण. तुकोबांनी स्वतः अभंगात सांगितलंय की नामदेव पांडुरंगाला बरोबर घेऊन स्वप्नात आले आणि कवित्वाचं काम सोपवून गेले. गुरूंचा मंत्रही त्यांना स्वप्नातच मिळाला. पुढे बहिणाबाईंना तुकोबांचा उपदेश झाला तोही स्वप्नात, आणि त्या काळी एका ब्राह्मण घरातल्या बाईला तुकोबांचं शिष्यत्व जागेपणी कुणी मिळू दिलं असतं? तिचं जग जे नाकारत होतं ते तिला स्वप्नाने दिलं आणि तिने ते जागेपणी निभावलं. त्यांनी कुणाची जमीन खणली नाही. त्यांनी अभंग लिहिले.

रातपाळी | रात्री ९:३०
पाटीपेन्सिल बाई, काय सुंदर लिहिलंत.

मी नर्स आहे, नावाप्रमाणे रातपाळी जास्त. दुसरी बाजू लिहिते. १९५३ मध्ये शिकागोला असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपेत डोळ्यांची झपाट्याने होणारी हालचाल नोंदवली, आणि त्या टप्प्यात माणसाला उठवलं तर तो बहुतेक वेळा स्वप्न सांगतो हे लक्षात आलं. रात्रभरात साधारण ९० मिनिटांचं एकेक आवर्तन होतं, पहाटेकडे स्वप्नांचा हा टप्पा लांबत जातो. मोठ्या माणसाच्या झोपेचा २० ते २५ टक्के भाग. त्या वेळी अंगाचे स्नायू लुळे पडलेले असतात (नाहीतर आपण स्वप्नातली मारामारी खरंच केली असती) आणि मेंदूत नॉरॲड्रेनलिन जवळपास बंद. दिवसा हेच रसायन आपल्याला एका कामावर दावणीला बांधल्यासारखं धरून ठेवतं. ते सुटलं की मन दूर दूरच्या गोष्टी एकत्र आणतं. म्हणजे धागाकर्त्यांचे दोन प्रश्न एकाच दिशेला जातात असं मला वाटतं. सैल लक्ष ही त्या वाटेवरची पहिली पायरी, स्वप्न बरंच पुढे.

आणि झोपेत बाहेरचं काही येत नाही हे पूर्ण खरं नाही हो. झोपलेल्या माणसाच्या कानाशी बरीच नावं घेतली तर स्वतःच्या नावाला मेंदूचा प्रतिसाद वेगळा येतो, ईईजीवर (मेंदूतल्या विद्युत लहरींच्या आलेखावर) दिसतं. वॉर्डात बाळंतिणी बघते मी, बाजूच्या खाटेवरचं बाळ रडतंय तर ही ढिम्म, स्वतःच्या बाळाने नुसतं कुंईं केलं की ताडकन उठते. कुणीतरी आत जागंच असतं.

@ताळेबंद, केकुलेचं सोडा, ओटो लोवी हा शास्त्रज्ञ घ्या. रात्री स्वप्नात प्रयोग सुचला, अर्धवट झोपेत कागदावर खरडलं, सकाळी अक्षर लागेना. दुसऱ्या रात्री तेच स्वप्न आलं तेव्हा तो थांबलाच नाही, उठून सरळ प्रयोगशाळेत गेला आणि दोन बेडकांच्या हृदयांवर प्रयोग केला. एका हृदयाची नस चेतवून ते मंद केलं, मग त्याच्याभोवतीचं द्रव दुसऱ्याला दिलं तर तेही मंदावलं. नस रसायनातून निरोप देते हे त्यातून सिद्ध झालं. १९२१ ला छापून आलं, १९३६ ला नोबेल. स्वप्न बरोबर आहे का हे त्याने बेडकाला विचारलं, लोकांना नाही.

ताळेबंद | रात्री ९:५५
'बेडकाला विचारलं' हे आवडलं. असं असेल तर माझा विरोध नाही. स्वप्नातून आलेलं जागेपणी तपासायला तयार असणारा माणूस आणि न तपासता पैसे मागणारा माणूस यांत जमीन अस्मानाचा फरक आहे.

पूर्वभाग | रात्री १०:२०
मस्त चाललंय. थोडं अवांतर. आमच्याकडे घरात तेलुगू, शाळा मराठी, दुकानात गिऱ्हाइकांशी कन्नड, हिंदी काहीही. आजी जाऊन बरीच वर्षं झाली. ती मला स्वप्नात भेटते तेव्हा मी तिच्याशी जी तेलुगू बोलते ती मला जागेपणी येतच नाही! म्हणजे जुने शब्द, तिच्या गावाकडचे, विड्या वळताना ती बायकांशी बोलायची ते. सकाळी आईला विचारलं तर ती म्हणते, बरोबर आहे, असंच म्हणायच्या त्या. मी लहानपणी तिच्याजवळ नुसती खेळत बसलेली असायचे, सुपातली तेंदूची पानं उलटसुलट करत, शिकत काहीच नव्हते. पण कान उघडे होते ना. धागाकर्त्यांच्या प्रश्नाचं हे उत्तर होईल का माहीत नाही, पण लक्ष न देता साठलेलं स्वप्नातच हाती लागतं असा माझा तरी अनुभव आहे.

शेंगाचटणी | रात्री १०:२६
पूर्वभाग, डोळ्यात पाणी आलं गं.

जुनीगिरणी | रात्री ११:००
आमचे मामा जन्मापासून अंध. लहानपणी मी विचारलं होतं, मामा तुम्हाला स्वप्नात दिसतं का? म्हणाले, दिसणं मला माहीतच नाही तर स्वप्नात कुठून येणार. त्यांच्या स्वप्नात गिरणीचा भोंगा असतो, पावसाआधीचा मातीचा वास, कुणाचातरी हात, जिन्याच्या पायऱ्या. पूर्ण जग असतं, फक्त चित्र नसतं. आणि जागेपणी ते दारात आलेला माणूस कोण हे चपलेच्या आवाजावरून आणि दाराची हवा कशी अडली त्यावरून सांगतात. बाराबंदी म्हणतात तसं सगळं अंगात घेणं. आम्ही डोळसांनी ते डोळ्यांवर सोपवून टाकलंय.

नवखा_४१३ | सकाळी ६:४५
स्वप्नात असताना 'हे स्वप्न आहे' असं मला कधी कधी कळतं. हे नॉर्मल आहे का?

रातपाळी | सकाळी ७:३०
नॉर्मल आहे. १९७५ मध्ये इंग्लंडमध्ये कीथ हर्न यांनी आणि नंतर अमेरिकेत स्टीफन लाबर्ज यांनी हे प्रयोगशाळेत दाखवलं. झोपणाऱ्याशी आधी ठरवायचं की स्वप्नात भान आलं की डोळे ठरावीक पद्धतीने डावीउजवीकडे फिरवायचे, आणि खरंच झोपेत तशी खूण नोंदली गेली. फक्त ते मुद्दाम आणायच्या नादात झोपमोड करून घेऊ नका. आणि ज्यांना जागेपणीही सगळं खोटं, लांबचं वाटत राहतं त्यांनी असले प्रयोग न करता डॉक्टरांना भेटावं, हे गांभीर्याने सांगतेय.

स्वप्न लक्षात ठेवायचं असेल तर एकच करा. जाग आल्यावर कूस बदलू नका आणि मोबाईलला हात लावू नका. आहे त्याच स्थितीत पडून राहा, शेवटचा तुकडा सापडला की मागचे त्याला धरून येतात.

समुपदेशन_डेस्क | सकाळी ९:१०
वाचनमात्र होते, एकच भर. आमच्या कामात हे सैल लक्ष हत्यार म्हणूनच वापरतात. फ्रॉइडने १९१२ मध्ये डॉक्टरांना सल्ला दिला होता की ऐकताना काहीही विशेष लक्षात ठेवायचा प्रयत्न करू नका, सगळ्यावर लक्ष सारखंच तरंगत ठेवा, कारण निवडून ऐकलंत तर जे आधीच माहीत आहे तेवढंच सापडेल. मी समोरच्याचं बोलणं चालू असताना लिहीत नाही ते यामुळेच. बाई नवऱ्याबद्दल तासभर बोलतात आणि मधे एकदाच, जाता जाता, भावाचं नाव येतं आणि पदराचं टोक हातात घट्ट होतं. लिहीत असते तर मान खालीच असती.

निवांत_सोलापूरकर | सकाळी १०:४०
मंडळी, काय काय दिलंत तुम्ही. रात्री परत पहिल्यापासून सगळं वाचलं.

मुलाशी काल बोललो. रागावलो नाही, नुसतं विचारलं, खिडकीतून काय बघतोस. म्हणाला, समोरच्या इमारतीचं काम चाललंय, तिथे स्लॅबवर मिस्त्री ओळंबा लावतो तेव्हा दोरी थांबेपर्यंत तो श्वास घेत नाही. मी विचारलं त्या वेळी वर्गात काय चाललं होतं, तर धडा कुठला आणि मध्ये कुणाला शिक्षा झाली तेही सांगितलं, पण फळ्यावरची उदाहरणं मात्र त्याला सांगता आली नाहीत. म्हणजे ताळेबंद साहेबांचं बोट त्याला शिकवावं लागणारच आहे. फक्त त्यासाठी ती खिडकी बंद करायची माझी तयारी नाही. दोन्ही हवं. पाटीपेन्सिल बाई, तुम्ही वर्गात काय करायचात?

नेत्रा_ताई | सकाळी १०:४८
थांबा थांबा! कानावरचं सगळं सांगितलं आणि फळ्यावरचंच सांगता आलं नाही? आधी त्याचे डोळे तपासून घ्या. फळा अंधुक दिसणारी मुलं बरेचदा बघायचा नादच सोडतात आणि सगळे म्हणतात लक्ष नाही. मागच्या बाकावर बसतो का?

निवांत_सोलापूरकर | सकाळी १०:५५
हो, मागून दुसरा बाक. उंच आहे म्हणून. शनिवारीच नेतो त्याला.

पाटीपेन्सिल | सकाळी ११:३०
नेत्राताई अगदी बरोबर, आधी डोळे.

मी काय करायचे ते सांगते. तासाच्या शेवटची पाच मिनिटं पुस्तकं मिटवून ठेवायची, कुणी काही बोलायचं नाही, बाहेर बघायचं असेल त्याने बघायचं. मग एकेकाने सांगायचं काय आलं मनात. तासातलंही येतं, बाहेरचंही येतं, चाचणीत मागे पडणारी मुलं ह्यात पुढे असायची आणि त्यांना ते कळायचं. मग उदाहरणं सोडवताना बसायचीही जरा. घरी तुम्ही हे सहज करू शकता. आणि सकाळी स्वप्न काय पडलं विचारा, अर्थ लावायला जाऊ नका. त्या ओळंब्याचं चित्र काढायला सांगा त्याला, दोरी कुठे लावतात, वजन कुठे येतं, ते बोट ठेवून नीट. तिथून गणिताकडे जाता येईल.

ताळेबंद | दुपारी १२:०५
ओळंब्यावरून काटकोन, काटकोनावरून पायथागोरस. मुलाला घेऊन या कधी रविवारी, मी शिकवतो. नऊने भाग जाण्याची गंमतही दाखवतो. माझं स्वप्नांबद्दलचं मत पूर्ण बदललंय असं समजू नका, पण श्वास न घेणारा मिस्त्री ज्याला दिसतो त्या पोराला लक्ष नाही असं मी म्हणणार नाही.

धोटा | दुपारी १२:२०
❤️

माळरान | दुपारी १:४५
अमावस्येच्या जवळच्या शनिवारी आम्ही काही जण आकाश बघायला जातोय. अभयारण्यात नाही, बार्शी रोडला आत एका ओळखीच्या शेतात. मुलाचे डोळे तपासून झाले की त्यालाही आणा, चष्मा लागला तरी चालतंय. टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला अर्धा तास तरी लागतो आणि एकाने जरी स्क्रीन उघडली तर सगळ्यांचा अर्धा तास परत पहिल्यापासून, म्हणून मोबाईल गाडीतच ठेवायचे. कडक भाकरी आणि चटणी कोण आणतंय?

शेंगाचटणी | दुपारी १:४७
हे काय विचारणं झालं 😄 चटणी माझ्याकडे लागली. भाकरी पूर्वभाग आणेल. येणाऱ्यांनी इथे नाव लिहा म्हणजे मापात करता येईल.